बेड्याच्या खांबांना भोकं ओल्यात पाडावीत की वाळल्यावर?

लाल_माती:
दापोलीजवळ आमची काजू-आंब्याची वाडी आहे. वाटेवरचं बेडं (दोन खांबांच्या भोकांतून आडव्या काठ्या सरकवायचं फाटक) पार खिळखिळं झालंय. मेमधल्या वळवात ऐनाचं झाड उन्मळून पडलं. त्यातून सहा-सहा फुटी दोन चांगले सोट निघतील, जाडी नऊ-दहा इंच. हत्यारं आजोबांची: वाकस (लाकूड तासायचं), एक इंची पटाशी, मोगरी (लाकडी हातोडा), गिरमीट (हाताने भोक पाडायचं). वाडीत वीज नाही. भोकं लगेच पाडू की खांब वर्षभर वाळू देऊ? आणि वाळवीचं काय करावं?

घाटावरचा:
सिमेंटचे खांब आणि लोखंडी गेट. एका दिवसात मोकळे व्हाल.

सुताराचा_मुलगा:
गेट सगळेच बसवतात. बेडं करताय तर करा.

भोकं आत्ताच पाडा. ऐन वाळला की पटाशी टणकन उडते, मनगट भरून येतं. गिरमिटाने एकाखाली एक दोन भोकं पाडायची आणि मधलं पटाशीने काढायचं. पण अर्धं या बाजूने, अर्धं त्या बाजूने. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडची कड फुटते. माप मात्र सैल ठेवा. लाकूड लांबीत आटत नाही म्हटलं तरी चालेल, आटतं ते रुंदीत. म्हणजे भोकाची उंची आहे तेवढीच राहणार, रुंदी कमी होणार. आडव्याला नेमकं बसणारं भोक पाडलंत तर दिवाळीनंतर बांबू सरकायचा नाही.

ऐन तडकतोही फार. दोन्ही टोकांना शेण-माती थापा आणि खांब सावलीत ठेवा, उन्हात नको.

वाळवी आधी साली-लगतचं फिकट लाकूड धरते. ते वाकसाने गाभ्यापर्यंत तासून काढा, निदान जमिनीत जाणाऱ्या दोन फुटांचं तरी. खांब कुजतो तो जमिनीलगत, म्हणून खड्ड्यात तळाला जांभ्याचे तुकडे टाका आणि वर मातीचा उतार बाहेर काढा. काजूच्या टरफलाचं तेल मिळालं तर तेवढ्या भागाला फासा. हातमोजे घालून हं, कातडी सोलून निघते.

वाकसाला धार फक्त आतल्या बाजूने, निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर. ग्राइंडरला दाखवू नका. पातं निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, मग ते खुरपं करायच्या लायकीचं.

रानवाट:
ऐन १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. साग, किंजळ, फणसही आहेत. झाड आपोआप पडलं असलं तरी सोट कापण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारा.

लाल_माती:
विचारतो. दादा, आडव्या काठ्यांना मेस बांबू चालेल? घरची आहे.

सुताराचा_मुलगा:
काठी पोकळ असेल तर नको. म्हशीने अंग घासलं की चेचते. माणगा बांबू बघा, बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो. पावसाळा संपल्यावर जून काठ्या तोडा, कोवळ्याला भुंगा लागतो. सगळ्यात खालचं भोक जमिनीपासून वीतभरच ठेवा, नाहीतर वासरं खालून पसार. भोकं दोन्ही खांबांना आरपार हवीत, म्हणजे काठी कुठल्याही बाजूला सरकवता येते. आणि एका बाजूच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) खेटून खांब पुरू नका, काठी सरकायला मागे जागा लागते.