अनुभव धागा: जुन्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ

परभणी (धागा मीच काढतोय, म्हणून पहिली फजिती माझी)

फाइनवेर्कबाऊ ६५. जर्मन पिस्तूल, १९६५ सालचं डिझाइन. एका निवृत्त नेमबाजाकडून घेतलं. यंत्र ठणठणीत, पण मूठ त्यांनी स्वतःच्या पंजाच्या मापाने घासून घेतलेली. दुसऱ्याच्या झिजलेल्या चपलेत पाय घालावा तसं व्हायचं. अंगठ्याखाली पोकळी आणि करंगळीला जागाच नाही.

गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलो. बैलगाड्यांचं काम संपल्यापासून ते दारं-खिडक्या करतात आणि कुऱ्हाड-खुरप्यांना दांडे बसवून देतात. पिस्तूल बघून म्हणाले, "यातलं मला काही कळत नाही. पण मूठ म्हणजे मूठ." मग मला कुऱ्हाड धरायला लावली, हात उलटासुलटा करून बघितला. "तुम्ही करंगळीनं आवळायलाव. तिथं लाकूड कमी ठेवावं लागतंय." आमचे सर दोन वर्षं हेच सांगत होते, की करंगळी सैल सोड, मधलं बोट सरळ मागे ओढू दे. काकांनी ते दोन मिनिटांत ओळखलं.

खरं काम आतल्या खाचेचं. पिस्तुलाचा सांगाडा लाकडात घट्ट बसला पाहिजे, कुठे हलता कामा नये. काका गेरू लावायला निघाले होते, दाराच्या सांध्याला लावतात तसा. मी हात धरला. गेरू म्हणजे लोखंडाची बारीक माती, यंत्रात गेली तर घासणारच. शेवटी घरातली काजळाची डबी आणली. सांगाड्याला पातळ काजळ, लाकडात दाबायचं, काढायचं, काळा ठिपका पडेल तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा दाबायचं. असं चाळीसेक वेळा तरी झालं असेल. बायकोने डबी परत घेतली नाही.

आता फजिती. या पिस्तुलाला धक्का जाणवत नाही, कारण छर्रा सुटताना वरचा सगळा भाग रुळांवरून किंचित मागे सरकतो आणि मूठ जागेवर राहते. मला हे माहीत होतं. तरी दिसायला छान म्हणून मुठीचा मागचा काठ वर चढवून घेतला. पहिल्याच दिवशी छर्रे सगळ्या कागदभर. दोन दिवस स्वतःच्या हाताला शिव्या दिल्या. मग उजेडात धरून बघितलं तर लाकडाच्या काठावर चकचकीत घासलेली रेघ. वरचा भाग दर वेळी लाकडाला अडत होता. आता नियम एकच: सरकणाऱ्या भागात आणि लाकडात लग्नपत्रिकेचा जाड कागद सहज फिरला पाहिजे. अंगठ्याचा आधारही उतरवावा लागला, कारण भरायची लिव्हर डावीकडे आहे आणि उघडताना ती लाकडाला लागत होती.

तुमचं सांगा. कोणतं पिस्तूल, कोणतं लाकूड, काय चुकलं.

लातूर

माझा पंजा लहान. क्लबमधलं जुनं पिस्तूल हातात घेतलं की ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर पोचायचंच नाही, नुसतं टोक. टोकाने ओढलं की छर्रा डावीकडे. दादा, तुमच्यासारखा सुतार मला मिळाला नाही. एकाने "हे असलं काम आम्ही करत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं. का ते मला अजून कळलेलं नाही.

मग स्वतःच केलं. मुठीची मागची बाजू, तळहाताचा खळगा टेकतो ती, कानशीने रोज थोडी उतरवली. धातू लागायच्या आत थांबायचं, एवढंच भान ठेवलं. जिथे जास्त गेलं तिथे एम-सील. त्याची युक्ती अशी: मळून लावायचं, वर भाजीची पातळ पिशवी, आणि नेम धरतो तसंच उभं राहून मूठ धरायची. टेबलावर बसून धरू नका. बसल्यावर मनगट वेगळं वळतं. मी पहिल्यांदा बसूनच दाबलं आणि सगळं तोडून काढावं लागलं.

तपासायची रीत आमच्या मॅडमची. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करायची, मग डोळे मिटून हात वर न्यायचा, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे. पुढचं साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या खाचेच्या मधोमध असेल तर मूठ बरोबर. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर मनगट वळवून जुळवायचं नाही. लाकूड घासायचं. आणि ट्रिगरच्या बोटाची बाजू लाकडाला टेकत असेल तर तिथलं लाकूड आधी काढा, बाकीचं नंतर.

किनवट

लाकडावर लिहितो. आमच्याकडे सागवानाला तोटा नाही, म्हणून पहिली मूठ सागाची केली. सागाला स्वतःचं तेल असतं. थिनरने पुसल्याशिवाय कुठलाच गोंद धरत नाही. माझा तळव्याचा आधार, म्हणजे मुठीखाली हाताची कड टेकते तो तुकडा, ऐन सरावात सुटून पायावर पडला. शिवाय सागात सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता जाते. दुसरी शिसवीची केली. वजनदार, रेषा सुरेख, पण भुकटी नाकात गेली की दिवसभर शिंका. तोंडाला फडकं बांधूनच घासा.

बाभळीच्या वाटेला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, औतं तिचीच होती. पण ओली बाभूळ घेतली तर मे महिन्यात भेग पडते. आणि कडेचं पांढरं लाकूड ठेवलं तर घुण.

औसा

किनवटच्या भाऊंना जोडून. वाळलेलं लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आजोबांचं माळवद पडलं, त्यातली एक सागवानी तुळई गोठ्यात उभी होती. तिचाच वीतभर तुकडा. कापल्यावर वास अजून सागाचाच. खिळे आधी शोधा, माझी करवत दोनदा गेली.

छत्रपती संभाजीनगर

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी. मुलासाठी मी हौसेने मूठ केली, तळव्याचा आधार किंचित वर वळवला, हाताला कवेत घेईल असा. तपासणीच्या टेबलावर अडली. दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत मुठीचा कुठलाही भाग हाताला वेढा घालणारा चालत नाही, आधार मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नको, वर वळलेला तर नकोच. मनगट मोकळं दिसलं पाहिजे. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत आणि ट्रिगरचा ताण किमान ५०० ग्रॅम. शिसवीची जाड मूठ करणाऱ्यांनी पेटीचे ते ५० मिलिमीटर आधी मोजावेत. कागदावर भरपूर वाटतात, प्रत्यक्षात अंगठ्याचा आधार लगेच बाहेर येतो.

पोराच्या पाळीला वीस मिनिटं होती. शेजारच्या पालकांकडून कानस घेतली आणि पार्किंगमध्ये दुचाकीच्या सीटवर ठेवून तो आधार सपाट केला. पोरगं माझ्याशी घरी येईपर्यंत बोललं नाही. त्या दिवशी मात्र त्याची मूठ आधीपेक्षा चांगली बसली, असं त्यानेच नंतर कबूल केलं.

नांदेड

माझा अनुभव मुठीचा कमी आणि कागदपत्रांचा जास्त. मित्राच्या वाड्यात जुनं वेब्ली सीनियर एअर पिस्तूल निघालं, नळी वर उचलून भरायचं ते. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या बॅकेलाइटच्या पट्ट्या तडकलेल्या. पट्ट्याच असल्याने काम सोपं. जुनी पट्टी लाकडावर ठेवून पेन्सिल फिरवली, शिसवीच्या दोन फळ्या कापल्या, संध्याकाळपर्यंत काम उरकलं. मग छर्रा घालून बघावा म्हटलं तर ४.५ मिलिमीटरचा छर्रा नळीतून सरळ खाली पडला. २२ बोर, म्हणजे नळी ०.२२ इंचाची! आपल्याकडे परवान्याशिवाय चालतं ते ०.१७७ इंचापर्यंतचं (तेच ४.५ मिलिमीटर) आणि २० जूलच्या आतल्या जोराचं, २०१६ च्या नियमांप्रमाणे. मित्राने ताबडतोब वकील गाठला. फळ्या माझ्याकडे आहेत, पिस्तूल नाही. जुनं काही हाती आलं तर आधी बोर बघा.

जालना

डावखुऱ्यांनी निराश होऊ नये. उजव्या मुठीचे चारी बाजूंनी ट्रेसिंग पेपरवर आकार काढा, कागद उलटा करा. बस.

बीड

शेवटचा हात कशाचा द्यायचा यावर कोणी बोललं नाही. मी आधी चकचकीत वार्निश मारलं. एप्रिलमध्ये ४२ अंशांत घामाने मूठ साबणासारखी सटकायला लागली. सगळं खरवडलं, मग जवसाचं तेल. घाण्याचं कच्चं तेल लावलं ही दुसरी चूक, तीन आठवडे चिकट राहिली आणि वर धूळ बसली. 'बॉइल्ड' म्हणून विकतात ते जवसाचं तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते एकदम पातळ हाताने लावायचं आणि पुसून घ्यायचं. करडईचं तेलही वाळतं असं ऐकून तेही लावून पाहिलं. वाळतं, पण जवसापेक्षा सावकाश. तेवढा धीर मला नव्हता.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवा किंवा अंगणात पसरून वाळवा.

पकडीसाठी मी मोळ्याला धार करून हातोडीने ठिपके टोचले. रोज अर्धा तास, आठवडाभर. ठिपके रांगेत आले नाहीत. हात ठेवला की कळत नाही.

परभणी (पुन्हा मीच)

बीडच्या भाऊंचं वाचून रात्री उठून अडगळीतला बोळा बाहेर काढला. आभार.

किनवट आणि औशाच्या मंडळींनी लाकडाचं लिहिलं, तर माझंही सांगतो. माझी मूठ शिसवीची, काकांकडच्या जुन्या चौकटीतली. उरलेल्या तुकड्याची त्यांनी स्वतःच्या खुरप्याला मूठ केली. परवा ती हातात घेऊन बघितली. काजळ नाही, कागद फिरवणं नाही, आणि कुठे हलत नाही. "तुमची कशी आहे?" म्हणाले. मी म्हटलं, बरी आहे.