अनुभव धागा: सिलॅबसबाहेरचं कुठलं सॉफ्टवेअर पहिल्या नोकरीत कामाला आलं?

नमस्कार मंडळी, मी कम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या पुण्यात इंटर्नशिप चालू आहे. कॉलेजात शिकलो ते आणि इथे रोज लागतं ते यात खूप अंतर दिसतंय म्हणून धागा काढला. नुसती नावं नकोत, काय झालं ते सविस्तर लिहा प्लीज.

माझं सांगतो, गिट बायसेक्ट. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, एकेका नोंदीला कमिट म्हणतात, आणि बायसेक्ट ही कुठल्या कमिटने बिघाड केला ते शोधायची त्यातली कमांड. टीमचा एक रिपोर्ट चुकीचे आकडे दाखवायला लागला, कधीपासून ते कुणालाच सांगता येईना. बायसेक्टला चांगली चालणारी एक जुनी कमिट आणि बिघडलेली एक द्यायची, ते मधली काढून देतं, आपण चालवून बघायची आणि चांगली का वाईट ते सांगायचं, की परत उरलेल्यातली मधली. हजार कमिट असल्या तरी दहाएक फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. ओरलसाठी पाठ केलेला बायनरी सर्च तो हाच! इतका आनंद झाला ना.

निळी_स्क्रीन
मी २००८ ची पासआउट. लॅबमध्ये टर्बो सी (सी भाषेचा जुना कम्पायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर). तेव्हा उबुंटूची (लिनक्सची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) सीडी मागवली की फुकट पोस्टाने घरी यायची (२०११ मध्ये ते बंद झालं), ती टाकून जीसीसी या दुसऱ्या कम्पायलरवर आमचेच प्रोग्राम चालवले तर कोनिओ डॉट एच ही टर्बो सीतली फाइल सापडतच नाही म्हणे. पण खरी गंमत पुढे. टर्बो सीत इंटमध्ये (पूर्णांक ठेवायचा प्रकार) ३२७६७ ठेवून १ मिळवला की उणे ३२७६८ यायचं, इथे सरळ ३२७६८ आलं. म्हणजे इंट केवढा ते कम्पायलर आणि मशीनवर असतं, भाषेत फक्त किमान ठरलेलं. पहिली नोकरी एम्बेडेडमध्ये (उपकरणांच्या आतल्या छोट्या चिपसाठी प्रोग्रामिंग) लागली, कंट्रोलर १६ बिटचा, आणि पहिल्याच आठवड्यात काउंटर उणे जायला लागला तेव्हा कुठे बघायचं ते मला माहीत होतं. दोन कम्पायलर लावून बघा सगळ्यांनी, खरंच.

टेस्टिंगवाली
माझं छोटंसंच. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब. सर्व्हरच्या उत्तरात चारशेच्या घरातला कोड आला तर रिक्वेस्टमध्ये गडबड, पाचशेच्या घरातला आला तर सर्व्हरकडे. हे बगमध्ये लिहायला लागले तेव्हापासून डेव्हलपर लोक वाद न घालता बग घ्यायला लागले.

अक्षरओळख
पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करायचो, सभासदांची नावं मराठीत. टेस्टिंग सगळं इंग्रजी नावांवर झालेलं. पहिल्याच दिवशी 'ज्ञानेश्वर' सेव्ह होईना. डेटाबेसमधला नावाचा कॉलम २० चा, पण ते २० बाइट्स होते, अक्षरं नव्हेत. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, त्यात हलन्त वेगळा, मात्रा वेगळी, म्हणजे ज्ञानेश्वर ची १० चिन्हं, ३० बाइट्स. तेव्हापासून मी पायथॉन उघडून मराठी शब्द टाकत बसायचो, हळूहळू युनिकोडची (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) नॉर्मलायझेशनची, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करण्याची, कागदपत्रं वाचली. आपल्या लोकांची नावं नीट साठवता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते, आणि ती कुठल्याच पेपरात येत नाही.

धागाकर्ता
आत्ताच करून बघितलं, 'नमस्ते' ची लांबी ६ येते! नॉर्मलायझेशनचं अजून सांगा ना.

अक्षरओळख
'कऱ्हाड' घे. यातला ऱ दोन प्रकारे टाइप होतो, एकच तयार चिन्ह किंवा र आणि खाली नुक्ता. स्क्रीनवर सारखेच दिसतात पण तुलना केली तर वेगळे, म्हणून गावाने शोधलं की निम्मे सभासद गायब. पायथॉनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूल आहे, त्यातलं नॉर्मलाइझ एनएफसी (सुटे तुकडे जोडून तयार चिन्ह करणारा प्रकार) लावून चालव, दोन्ही एकच होतील. मात्र सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडे लाव, आणि जुना डेटा एकदा त्यातून काढून घे.