इनर चाइल्ड: अंतर्बालक, आतलं मूल की आणखी काही?

अर्धविराम: मानसोपचारावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि ‘इनर चाइल्ड’पाशी गाडी अडली आहे. पहिल्या खर्ड्यात ‘अंतर्बालक’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर औषधाच्या बाटलीवरचं नाव वाटलं. ‘मनातलं मूल’ सोपं आहे, पण ती जागा आधीच भरलेली. ‘तुमच्यातलं मूल असंच जपा’ म्हणतो तेव्हा आपल्याला खट्याळ, कुतूहल शाबूत असलेलं मूल म्हणायचं असतं. पुस्तिकेतलं मूल दुखावलेलं आहे. ज्याचं रडणं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही आणि जे अजूनही मोठ्या माणसाच्या वागण्यातून डोकं वर काढतं, ते. शिवाय पुढे ‘वूंड’ आणि ‘हीलिंग’ उभे आहेतच. जखम, घाव, व्रण, आघात, काय घ्यावं?

पोटशब्द: हा घोळ मराठीचा नाही, मुळातच आहे. मानसोपचारतज्ज्ञ युंगने १९४० साली बालक या आदिबंधावर, म्हणजे सगळ्यांच्या मनात मुळापासून असलेल्या प्रतिमेवर लिहिलं, त्यात ते मूल पुढच्या शक्यतांचं प्रतीक आहे. एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाने प्रत्येकाच्या मनाच्या पालक, प्रौढ, बालक अशा तीन अवस्था मांडल्या. त्यातला बालक रुसतो, घाबरतो आणि मजेत खेळतोही. जखमेवर जोर आला तो पुढे. १९९०च्या सुमारास अमेरिकेत जॉन ब्रॅडशॉ यांनी टीव्हीवरून हा शब्द घरोघरी नेला. लहानपणी घट्ट बसलेल्या विचार-भावनांच्या साच्यांवर काम करणाऱ्या स्कीमा थेरपीवाल्यांनी तर मुलांची फोडच केली: असुरक्षित मूल, रागावलेलं मूल, आनंदी मूल. मीही तेच करीन. ‘मूल’ कायम, विशेषण बदला. ‘बालक’ मात्र नको, तो लसीकरणाच्या तक्त्यात शोभतो.

काठावरची: मी भाषेतली नाही. उपचार घेणारी आहे, दीड वर्ष जातेय. आमच्या ताईंच्या तोंडी हा शब्द फार तर दोनदा आला असेल. एकदा मी सांगत होते की वरिष्ठांचा ‘जरा बोलायचंय’ असा निरोप आला की माझे हात गार पडतात. त्यांनी विचारलं, “हात गार पडतात तेव्हा तू किती वर्षांची असतेस?” तोंडातून निघून गेलं, “सात.”

“कुठे आहे ती?”

“वर्गाच्या दाराबाहेर. वही छातीशी धरलीय. कुणाकडे बघत नाहीये.”

“तिला काय हवंय?”

“मला आत घ्या.”

‘तिला’ विचारलं होतं, उत्तर ‘मला’ने आलं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, पुढच्या खेपेला ताईंनी दाखवलं. म्हणून ‘मूल’ मला पटत नाही. नपुंसकलिंगी आहे, ‘ते मूल’ म्हटलं की ते शेजाऱ्यांचं होतं. ‘सात वर्षांची मी’ म्हणा.

पोटशब्द: बिनतोड. फक्त पुस्तिकेत दर वेळी ‘लहानपणचा किंवा लहानपणची मी’ लिहावं लागेल, त्याचा जाच होईल. व्याख्येत मूल, उदाहरणांत मी?

खपली: जखमेकडे वळू या. ‘व्रण’ टाळा. रोजच्या मराठीत व्रण म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेची खूण, मग ‘व्रण बरे करणे’ म्हणजे झालेलंच पुन्हा करणं. ‘घाव’ म्हटलं की तो घालणारा लागतो. लहानपणच्या कितीतरी दुखण्यांत कुणी काहीच केलेलं नसतं. मारलं नाही, आणि विचारलंही नाही. ‘आघात’ ठीक, पण तो भल्यामोठ्या प्रसंगालाच शोभतो. आपल्याकडे ‘सल’ आहे की! शल्यातून आलेला. शल्य म्हणजे आत राहून गेलेला काटा, बाणाचं टोक. शल्यक्रियेतलं शल्यही तेच. वरून कातडी जुळलेली, दाब पडला की कळ. निरोप आला, हात गार.

अर्धविराम: ‘सल’ घेतला. ‘भावनिक’ हे विशेषणही त्यामुळे उडालं, सल मनाचाच असतो. पण सल भरत नाही, काढावा लागतो. मग ‘हीलिंग’चं काय?

तिसरी खुर्ची: मी समुपदेशक. ‘काढणं’ वाचून वाचणाऱ्याला वाटेल एका बैठकीत काम झालं. घडलेलं तसंच राहतं. मोठेपणीच्या माणसाने त्या आठवणीत शिरायचं, दाराबाहेरच्या मुलीशेजारी बसायचं आणि तेव्हा कुणी न म्हटलेलं वाक्य म्हणायचं, तेही अनेकदा. सल बोथट होतो, असं म्हणा हवं तर. ‘रीपेरेंटिंग’ला, म्हणजे आपणच आपले पालक होण्याला, ‘पुनर्पालकत्व’ वाचलंय. मी ‘स्वतःचं संगोपन’ म्हणते, त्यात राखणं आहे. आणि पुस्तिकेत एवढं असू द्या की खूप सोसलेल्या माणसाला आधी पायाखाली जमीन लागते. त्याआधी आठवणींत नेणं म्हणजे नुसती खपली काढणं.

शब्दकोशात न सापडणारी एक अडचणही सांगते. रिकाम्या खुर्चीत वडील आहेत असं समजून बोला म्हटलं की पुष्कळजण ‘तुम्ही’वरच राहतात. “तुम्ही माझं ऐकून का घेतलं नाहीत?” राग येतो, तोही आदरार्थी बहुवचनात. एकाने वाक्याच्या मध्यात ‘तू’ म्हटलं आणि दचकून दाराकडे पाहिलं. तुमच्या पुस्तिकेत तिथे नुसतं ‘यू’ असेल.

अर्धविराम: आत्ताच पाहिलं. एका परिच्छेदात नऊ वेळा ‘यू’. चौथ्यापर्यंत ‘तुम्ही’ ठेवलंय, पाचव्यापाशी थांबलेय.