गरिबी हटते ती मोर्च्यानं की योजनेनं?

खानापूरकर: परवा एका बैठकीत ऐकलं, 'मोर्चे काढून पोट भरत नाही, सरकार कामाचं लागतं.' मला पटलं नाही. रोजगार हमीत अर्जानंतर 15 दिवसांत काम नाही, तर बेकारी भत्ता, असं 2005 च्या कायद्यातच होतं. पण आमच्याकडच्या एका पंचायतीत अर्ज ठेवून घ्यायचे आणि पोच द्यायचे नाहीत. पोच नाही म्हणजे तारीख नाही, मग 15 दिवस मोजायचे कुठून? बायका कट्ट्यावर ठाण मांडून बसल्या, सही-शिक्का घेऊनच उठल्या. पुढच्याच आठवड्यात तळ्याचा गाळ काढायचं काम निघालं.

अथणीचा ऊसवाला: एका गावावरून काय ठरवताय? आपल्या कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट, ऑगस्टपासून घरच्या कर्त्या बाईला गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये. त्यासाठी कुठल्या गावानं धरणं धरलं? सरकारनं मनावर घेतलं, पैसे खात्यावर आले.

निपाणीची सून: मनावर आपोआप घेतलं व्हय? मतं हवी होती म्हणून घेतलं! माझी सासू तंबाखूच्या वखारीत राबली. विडी कामगारांचा कायदा 1966 चा, पण तिला ओळखपत्र मिळालं ते युनियननं मालकाच्या दारात बसून भांडल्यावर. आणि 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर हायवे अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तेही सरकारच होतं की.

अथणीचा ऊसवाला: वहिनी, मोर्च्यांचंच म्हणाल तर आपला मराठी भाग महाराष्ट्रात जावा म्हणून आपण 1956 पासून काढतोय. दर 1 नोव्हेंबरला काळा दिन. कुणाची गरिबी गेली?

खानापूरकर: तो मोर्चा राज्य बदलायचा, हा हक्काची मजुरी मागायचा. दोन्ही एका पोत्यात भरू नका. खरं तर सीमाप्रश्नाच्या नादात आपल्या पुढाऱ्यांनी रेशन, मजुरी, पेन्शन कधी धसाला लावलंच नाही. हे बोललं की लोक चिडतात, चिडू देत.

सीमावासी: चिडणारच. फॉर्म कन्नडात, नोटीस कन्नडात. माझ्या आजीला काय भरतोय तेच कळत नाही. मराठीत कागद मागणं हासुद्धा पोटाचाच प्रश्न आहे. तिचा संध्या सुरक्षाचा, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचा, अर्ज नाडकचेरीत (महसूल खात्याच्या कचेरीत) कधीचा पडून आहे, त्याचं सांगा.

खानापूरकर: सकालचा, म्हणजे सरकारी कामं मुदतीत करून देण्याच्या योजनेचा, नंबर घेतला होता का? 2011 च्या कायद्यानं मुदत ठरलेली असते. उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये भरपाई, जास्तीत जास्त 500. नंबर नसेल तर उद्याच चार म्हाताऱ्या सोबत घेऊन जा, एकट्यानं जाऊ नका.

अथणीचा ऊसवाला: सकाल सरकारनंच आणलं बरं का. लिहून ठेवा.