समृद्धीवर टायर फुटला, सगळ्यांनी वाचा

बी-२०४: आम्ही चौघंही सुखरूप घरी आहोत. काल दुपारी शिर्डीहून येताना येळाकेळी मागे पडलं अन् पुढचा डावा टायर फुटला. गाडी १०० वर होती. बार उडाल्यासारखा आवाज झाला, स्टिअरिंग डावीकडे असं ओढलं की मनगटं अजून दुखून राहिलीत.

ए-१०१: अरे देवा! आई अन् पोरगी घाबरल्या असतील नं?

बी-२०४: हो काकू, पोरगी रात्री दोनदा दचकून उठली. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगायचीच आहे. आवाज झाला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. माझाही गेला होता. तो जोरात दाबला असता तर गाडी गरकन फिरली असती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला. वेग आपोआप उतरत गेला, ४० च्या खाली आल्यावर गाडी कडेला घेतली.

सी-३०३: भाऊ, हवा कमी होती काय?

बी-२०४: नाही, निघतानाच पाहिली होती. टायरच जुना. त्याच्या बाजूवर लंबगोलात २३१८ आहे, म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसे म्हणून मी बदलला नाही. रबर आतून चिरलेलं होतं.

ए-४०२: मी एसटीवर ड्रायव्हर होतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजा. रस्त्यात तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो, म्हणून हवा काढली की थंड झाल्यावर कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो अन् तोच फुटतो. अन् ब्रेक लागेनासा झाला तर पेडल भराभर मारा, एकेक गिअर उतरवा, हँडब्रेक थोडाथोडा ओढा. चालत्या गाडीत इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं.

सी-३०३: थांबल्यावर स्टेपनी लावली काय?

बी-२०४: लगेच नाही. चारही इंडिकेटर लावले, सगळ्यांना डावीकडून उतरवलं. आई म्हणे, उन्हात कायले, गाडीतच बसू. रेलिंग इतकं तापलं होतं की ओढणी टाकून तिला पलीकडे घेतलं. रेलिंगमागूनच मागे जाऊन लाल त्रिकोण ठेवला, ११२ ला फोन केला. तेवढ्यात एक ट्रक बाजूनं गेला, रिकामी गाडी हलली. मग आई काही बोलली नाही.

सी-३०३: आत्ताच पार्किंगमध्ये टॉर्च लावून पाहिलं. चारही ठीक आहेत. स्टेपनीवर १४१६ आहे, उद्या सकाळीच बदलतो.