कायरिआर्की : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
स्त्रीवादी बायबल-अभ्यासक एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेन्झा यांच्यावर लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी चार दिवस अडून बसले आहे. बाईंचा जन्म १९३८चा, रोमानियातल्या जर्मनभाषक कुटुंबातला. युद्धात घरदार सोडून हे कुटुंब जर्मनीत आलं. पाद्री होऊ घातलेली मुलं जो धर्मशास्त्राचा पूर्ण अभ्यासक्रम करत, तो वुर्झबर्गला पुरा करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. डॉक्टरेटसाठी शिष्यवृत्ती मागितली, तर बाईला या विषयात भवितव्य नाही म्हणून नकार मिळाला. तरी १९७०मध्ये म्युन्स्टरहून पदवी घेतलीच. पुढे अमेरिकेत शिकवलं, १९८८पासून हार्वर्डमध्ये. बायबल-अभ्यासकांच्या सर्वांत जुन्या अमेरिकी संस्थेची पहिली स्त्री अध्यक्षही त्याच, १९८७ साली.

त्यांनी घडवलेला शब्द 'कायरिआर्की'. मी आधी 'पितृसत्ता' लिहून मोकळी झाले होते. पण मग त्यांना नव्या शब्दाची गरज का पडली, हे वाचकाला कळणार कसं?

उत्तर :
'पितृसत्ता' नकोच. 'कायरिआर्की' घडला तो ग्रीक 'क्युरिओस'वरून. 'क्युरिओस' म्हणजे बाप, नवरा, गुलामांचा मालक आणि देवसुद्धा. हे सगळे एकाच शब्दात बसतात, हाच बाईंचा मुद्दा आहे. रोमन काळातल्या श्रीमंत घरातली स्त्री नवऱ्याच्या अधीन असे, पण घरातल्या गुलाम पुरुषावर तिचीच हुकमत चाले. पुरुष वर आणि स्त्री खाली, एवढं म्हणून तिथे भागत नाही. उतरंड अनेक पदरी आहे.

आणि मराठीत पाहा! 'आमचे मालक बाहेर गेलेत', 'माझे धनी', 'यजमान काय करतात?' तिन्ही शब्दांत मालक आणि नवरा एकच. ग्रीक शब्दातली जी खोच इतर भाषांना समजावून सांगावी लागते, ती आपण रोज बोलतो. म्हणून माझं मत 'धनीसत्ता'.

उत्तर :
'धनी'चं मूळ हेरलंत ते फार आवडलं, पण समासात तो शब्द दगा देतो. 'धनिसत्ता' म्हटलं की श्रीमंतांचं राज्य डोळ्यांपुढे येतं. 'प्रभुसत्ता' उत्तम झाला असता, कारण मराठी बायबलात 'क्युरिओस'ला 'प्रभू'च म्हणतात. पण तो शब्द सार्वभौमत्वासाठी केव्हाच खर्ची पडला आहे. उरतं 'स्वामिसत्ता'. ('मि' ऱ्हस्व, स्वामिनिष्ठ, स्वामिभक्तीप्रमाणे.) देव, नवरा, मालक तिन्ही अर्थ यात येतात आणि 'स्वामिनी'लाही जागा राहते.

प्रश्नकर्ती :
'स्वामी' म्हटलं की भगवी वस्त्रं दिसतात, ही माझी शंका. पण शब्द पहिल्यांदा येईल तिथेच 'धनी, मालक, यजमान' हे सांगितलं तर निभावेल बहुधा. आणखी एक. बाई वापरतात त्या 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दाला मी 'चर्च' लिहिलंय. चालेल?

उत्तर :
इथे जपा, ताई. 'चर्च' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'क्युरिओसचं', म्हणजे धन्याचं. 'एक्लेसिया' म्हणजे मात्र नागरिकांची सभा, जिथे बोलायचा आणि ठरवायचा हक्क असतो. दोन्ही शब्द एकाच संस्थेला लागले आणि सभेवर धनी बसला. फिओरेन्झा 'स्त्रियांची एक्लेसिया' म्हणतात ती या सभेच्या अर्थाने. त्याला 'स्त्रियांचं चर्च' केलंत तर लेखाचा कणाच मोडेल. मराठी बायबलातला 'मंडळी' जवळचा आहे. मी 'सभा' घेईन.

उत्तर :
थोडं विषयांतर, पण याच धाग्यातलं. बायबलात प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र आहे, त्याच्या १६व्या अध्यायात फिबी नावाची स्त्री येते. तिच्यासाठी मूळ ग्रीक शब्द 'दिआकोनोस' (सेवक), जो पौल स्वतःसाठीही वापरतो. १६११च्या इंग्रजी भाषांतरात पौलाला 'मिनिस्टर' (धर्मसेवक) मिळालं आणि फिबीला 'सर्व्हंट' (नोकर). त्याच अध्यायात प्रेषितांमध्ये नावाजलेली युनिया आहे. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक ख्रिसोस्तोम तिला स्त्री म्हणूनच गौरवतो. नंतर अनेकांनी नावाला एक 'स' जोडून तिचा पुरुष केला, 'युनियास'. एका अक्षराने एक बाई इतिहासातून उठवली. फिओरेन्झांच्या १९८३च्या ग्रंथाचं नावच 'तिच्या स्मरणार्थ' अशा अर्थाचं आहे, आणि त्याचा आरंभ येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीपासून होतो. जिथे जिथे सुवार्ता सांगतील तिथे हिची आठवण निघेल, असं येशू म्हणतो. पण ही गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार मार्क तिचं नाव सांगत नाही. धरून देणाऱ्या यहूदाचं नाव मात्र सगळ्यांना पाठ.

प्रश्नकर्ती :
हे वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आता वाक्य असं केलंय : 'स्वामिसत्तेत मालकीण नवऱ्यापुढे मान खाली घालते आणि गुलामाला तीच मान वर करू देत नाही.' 'मालकीण' ठेवू की 'स्वामिनी'?

उत्तर :
मालकीणच ठेवा.