बाणाने मासे मारणं: सगळेच कार्प एका माळेचे मणी नाहीत

काही जण म्हणतात की गळवाल्यांना बोफिशिंगवाल्यांचा, म्हणजे धनुष्यबाणाने मासे मारणाऱ्यांचा, उगाच राग आहे, बाहेरून आलेले परके मासे मारले तर बिघडलं काय. अहो सिल्व्हर कार्पपुरतं म्हणाल तर अगदी मान्य, हा तोच आपल्याकडे तळ्यात पाळतात तो चंदेरा, अमेरिकेत १९७० च्या दशकात शेततळ्यातलं शेवाळ खायला आणला आणि सुटून मिसिसिपी नदीत गेला, आता इलिनॉय नदीत बोटीचं इंजिन चालू केलं की धडाधड उड्या मारतो, तोंडावर बसला तर दात पडतील. आणि तो पाणी गाळून प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खातो, गळाच्या आमिषाला सहसा ढुंकूनही बघत नाही, मग मारा की बाणाने! त्याच्यावर गळवाले पण रडत नाहीत.

खरी बोंब आहे ती बफेलो माशाची. बिगमाउथ बफेलो तिथला मूळचा मासा, शंभरी पार करतो हे २०१९ ला सिद्ध झालंय, पण रात्री लाइटच्या उजेडात वरून बघितलं तर साध्या कार्पसारखाच दिसतो. कार्पला तोंडाशी मिशा असतात, बफेलोला नसतात, पण त्या बघायला मासा आधी हातात यायला लागतो आणि तोवर बाण आरपार गेलेला असतो. गळाचा मासा परत सोडता तरी येतो ना. त्यात काही महाभाग मेलेला ढीग बोटीच्या धक्क्यावरच टाकून जातात, मग सकाळी नाक धरून बोट उतरवणाऱ्याने शिव्या नाही द्यायच्या तर काय आरती करायची?